इंग्लिश न्यायालयातील फ्रेंच भाषा : एक ऐतिहासिक विचार

इंग्लंडच्या कायद्याचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार भाषेचा प्रश्न बहुधा एका परिच्छेदात उरकतात. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले, जेत्यांची भाषा फ्रेंच होती, ती त्यांनी जितांच्या न्यायालयांवर लादली आणि पुढे इंग्रजीचा उत्कर्ष होताच ती मागे हटली, असा तो परिच्छेद असतो. यातील प्रत्येक विधानात थोडेफार तथ्य आहे. परंतु ती एकामागून एक मांडली असता जी कथा तयार होते ती मात्र कागदपत्रांशी जुळत नाही. लेखी कागदपत्रांवरून पाहता फ्रेंच ही इंग्लिश न्यायव्यवहारात दृढमूल झाली ती विजयानंतर लगेच नव्हे, सुमारे दोनशे वर्षांनी. आणि तिला न्यायालयातून घालविणारा कायदा १३६२ मध्ये होऊनही ती वकिलांच्या टिपणांत व ग्रंथांत आणखी तीन शतकांहून अधिक काळ नांदत राहिली. राजसत्तेने लादलेली भाषा राजसत्तेच्या आज्ञेने जावयास हवी होती. ती का गेली नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, कायद्याचा नाही, ही मर्यादा आरंभीच सांगितलेली बरी. तथापि या प्रश्नाचा समाधानकारक उलगडा ज्या विद्वानाने प्रथम केला त्याला, स्वतः कायदेपंडित असूनही, त्यासाठी व्याकरण लिहावे लागले. तेव्हा भाषाशास्त्रज्ञाने या क्षेत्रात डोकावणे अगदीच अनधिकाराचे ठरू नये.

विजयापूर्वीच्या इंग्लंडात कायद्याची भाषा इंग्रजी होती, ही गोष्ट त्या काळच्या युरोपात विशेष म्हणावी लागेल. फ्रँक, लोंबार्ड इत्यादी जर्मानिक लोकांनी आपापले निर्बंध लॅटिनमध्ये लिहवून घेतले; उलट केंटचा राजा एथेलबर्ट याचे निर्बंध इ. स. ६०० च्या सुमारास जुन्या इंग्रजीतच रचले गेले. बाराव्या शतकात रॉचेस्टर येथे तयार झालेल्या एका हस्तलिखितामुळे ते आज आपल्याला उपलब्ध आहेत. विल्यमनेही आरंभी हीच परंपरा पाळली. लंडन शहराला त्याने दिलेले प्रसिद्ध अभयपत्र इंग्रजीत आहे. १०७० च्या सुमारास मात्र राजाची आज्ञापत्रे इंग्रजीत निघणे बंद होत गेले, आणि त्यांची जागा घेतली ती फ्रेंचने नव्हे, लॅटिनने. पुढील दीडशे-पावणेदोनशे वर्षांतील कायद्याचे सर्व महत्त्वाचे लेखन लॅटिनमध्ये आहे. ११८७ ते ११८९ च्या सुमारास रचला गेलेला आणि ग्लॅनव्हिलच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ लॅटिन, १२१५ चा मॅग्ना कार्टा लॅटिन, आणि ब्रॅक्टनच्या नावावर असलेला तेराव्या शतकातील प्रचंड ग्रंथही लॅटिनच. १२५८ मध्ये तिसऱ्या हेन्रीचे एक जाहीरनामावजा पत्र इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत निघाले. परंतु राजाचे कायदे फ्रेंचमध्ये लिहिले जाऊ लागले ते १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यापासून. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत 'ब्रिटन' नावाचा फ्रेंच विधिग्रंथ आणि न्यायालयातील वादविवादांची फ्रेंच टिपणे, म्हणजे ज्यांना पुढे 'इयर बुक्स' हे नाव पडले ती, आढळू लागतात.

आता लिहिली जाणारी भाषा आणि बोलली जाणारी भाषा यांत भेद केला पाहिजे. इतिहासकारांच्या वादात हा भेद पुष्कळदा निसटला आहे. येल विद्यापीठाचे जॉर्ज वुडबाइन यांनी १९४३ मध्ये 'स्पेक्युलम' या नियतकालिकात एक दीर्घ निबंध लिहून असे प्रतिपादन केले की, फ्रेंचचा न्यायालयातील प्रवेश हा विजयाचा परिणाम नव्हेच. तिसऱ्या हेन्रीच्या दरबारात परदेशी फ्रेंचभाषकांचे जे प्रस्थ माजले त्याचा तो उशिराचा परिणाम होय. लेखी पुराव्यापुरते हे मत विचारार्ह आहे. परंतु अलीकडे पॉल ब्रँड यांनी दाखविल्याप्रमाणे राजाच्या न्यायालयातील तोंडी कामकाज बाराव्या शतकापासूनच फ्रेंचमध्ये चालत असावे; लॅटिन नोंदींच्या आड बोललेली फ्रेंच उभी आहे. मला हे दुसरे मत अधिक पटते. न्यायाधीश, अधिकारी आणि बडे जमीनदार घरी फ्रेंच बोलत असता त्यांनी न्यायासनासमोर दुसरी कोणती भाषा बोलावी ? मात्र यामुळे मूळ प्रश्न अधिकच तीव्र होतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच ही इंग्लंडातील बहुतेकांची मातृभाषा उरली नव्हती. उच्चकुलीन मुलांनाही ती पुस्तकावरून शिकवावी लागत होती. नेमकी त्याच वेळी ती वकिलांची लेखनभाषा बनली. घरातून निघालेली भाषा कोर्टात स्थायिक झाली, याला केवळ जेत्यांचा दर्प हे कारण पुरणार नाही.

त्या काळी वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात एखादा जमिनीचा दावा उभा राहिला म्हणजे भाषांची वाटणी कशी होई ते पाहण्यासारखे आहे. दाव्याचा आरंभ राजाच्या आज्ञापत्राने होई, ते लॅटिन. वादीची कैफियत वकील ठरावीक शब्दांत तोंडी मांडी, ती फ्रेंच. प्रतिपक्षाचा वकील कोणता बचाव घ्यावा याची चाचपणी करी, न्यायाधीश मध्येच प्रश्न टाकी, कधी थट्टा करी, कधी दटावी. हा सर्व संवाद फ्रेंच. दुसऱ्या एडवर्डच्या काळचा मुख्य न्यायाधीश बेरफर्ड याची तिखट जीभ आपल्याला माहीत आहे ती या फ्रेंच टिपणांमुळेच. वस्तुस्थितीवर निर्णय देणारे बारा पंच, म्हणजे ज्यूरी, हे शेजारपाजारच्या गावांतील लोक. त्यांची भाषा इंग्रजी. शेवटी जो निकाल होई तो चर्मपत्राच्या गुंडाळीवर नोंदला जाई. तो पुन्हा लॅटिन. परिणामी एकाच खटल्याचे दोन अर्धे भाग दोन भाषांत विभागून राहिले आहेत. लॅटिन गुंडाळीत पक्षकारांची नावे, जमिनीचे वर्णन आणि निकाल असतो, पण वाद कसा झाला याचा मागमूस नसतो. फ्रेंच टिपणात वाद असतो. नावे मात्र चुकीची किंवा गाळलेली, आणि निकालाबद्दल टिपणकाराला पुष्कळदा आस्थाच नसते, कारण तो शिकाऊ वकिलांसाठी युक्तिवादाची हातोटी टिपून ठेवीत असतो. आणि ज्याची जमीन जावयाची किंवा राहावयाची तो मनुष्य जे काही आपल्या इंग्रजीत बोलला असेल, ते या दोहोंपैकी कोठेही उमटत नाही.

पहिल्या एडवर्डच्या कारकीर्दीत, म्हणजे १२७२ ते १३०७ या काळात, वकिली हा इंग्लंडात स्वतंत्र धंदा म्हणून उभा राहिला, आणि त्याच काळात त्या धंद्याची हत्यारे घडली. ती फ्रेंचमध्ये घडली. व्याकरणाच्या दृष्टीने यातील दोन प्रत्यय विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. फ्रेंच क्रियापदाचे साधे भाववाचक रूप वकिलांनी सरसहा नामासारखे वापरले, आणि त्यातून 'डिमरर', 'वेव्हर', 'डिस्क्लेमर', 'रिमेंडर', 'मिस्नोमर' असे शब्द इंग्रजीला मिळाले. इंग्रजीत क्रियापदाला 'अर' लागला की करणारा मनुष्य अभिप्रेत असतो. या शब्दांत मात्र करणारा नसून कृतीच आहे. 'वेव्हर' म्हणजे हक्क सोडणारा नव्हे, हक्क सोडणे. दुसरा प्रत्यय 'ई'. हा मुळात फ्रेंच भूतकाळवाचक धातुसाधित विशेषणाचा अंत्य स्वर. पट्टा करून देणारा 'लेसर', ज्याला करून दिला तो 'लेसी'. गहाण टाकणारा 'मॉर्गेजर', घेणारा 'मॉर्गेजी'. कायद्याच्या प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, आणि त्या एका धातूपासून दोन प्रत्ययांनी दाखविण्याची ही सोय त्या काळच्या इंग्रजीत नव्हती. आपल्या खरेदीखतांत 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे जे जोडनाम येते ते हेच काम धातूच्या बळावर करते, आणि माझ्या मते अधिक पारदर्शकपणे करते. पण त्याला दोन-दोन शब्द खर्चावे लागतात. 'ई' या प्रत्ययाची सोय इतकी मानवली की पुढे 'एम्प्लॉयी' सारखे सामान्य व्यवहारातील शब्दही त्यावरून सिद्ध झाले, आणि आजही होत आहेत.

शब्द टिकतो आणि अर्थ सरकतो, याचेही नमुने येथे विपुल आहेत. 'मॉर्गेज' या शब्दाचा अवयवार्थ 'मृत गहाण'. ग्लॅनव्हिलच्या ग्रंथात या मृतत्वाचे कारण असे दिले आहे की, गहाण जमिनीचे उत्पन्न सावकार खातो आणि त्यामुळे कर्ज मात्र फिटत नाही. म्हणजे कर्जदाराच्या दृष्टीने ते गहाण निर्जीव. तीनशे वर्षांनी लिटलटन याच शब्दाचा खुलासा निराळा करतो : मुदतीत पैसे न फेडल्यास जमीन कर्जदाराला मेली, फेडल्यास सावकाराला मेली. दोन्ही खुलासे आपापल्या काळच्या व्यवहाराला धरून आहेत. मधल्या काळात व्यवहार बदलला होता, शब्द तोच होता. गमतीची गोष्ट अशी की यातील 'गेज' हा शब्द फ्रेंचने स्वतः जर्मानिक बोलींतून उचललेला, आणि इंग्रजीतील विवाहवाचक 'वेड' हा त्याचाच सगोत्र; दोहोंचा मूळ अर्थ वचनपूर्तीचे तारण असा आहे. 'कल्प्रिट' या शब्दाचे जन्मवृत्त तर एखाद्या कोशकाराने रचलेल्या विनोदासारखे वाटते. आरोपीने आपण निर्दोष असल्याचे सांगितले म्हणजे सरकारी लेखनिक फ्रेंचमध्ये उत्तर देई की, हा दोषी आहे, आणि ते सिद्ध करण्यास आम्ही सिद्ध आहोत. नोंदीत या उत्तरातील 'दोषी' आणि 'सिद्ध' या दोनच शब्दांची संक्षिप्त रूपे राहिली, 'कल' आणि 'प्रिट'. पुढे फ्रेंच विसरलेल्या मंडळींनी ती एकत्र वाचून आरोपीला उद्देशून उच्चारलेला एकच शब्द म्हणून स्वीकारली. १६७८ मधील पेंब्रोकच्या अर्लवरील खटल्यात हे संबोधन प्रथम आढळते.

या भाषेचा एक दूरगामी परिणाम शिक्षणावर झाला. पंधराव्या शतकातील मुख्य न्यायाधीश सर जॉन फॉर्टेस्क्यू याने १४७० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात असा प्रश्न उपस्थित केला आहे की, ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे रोमन कायदा शिकवितात, मग इंग्लंडचा कायदा तेथे का शिकवीत नाहीत ? त्याचे उत्तर भाषिक आहे : इंग्लंडच्या कायद्याला लॅटिन, फ्रेंच व इंग्रजी अशा तीन भाषा लागतात आणि विद्यापीठात केवळ लॅटिन चालते. म्हणून या विद्येची स्वतंत्र गुरुकुले लंडनमध्ये न्यायालयांच्या सान्निध्यात वसली. तीच 'इन्स ऑफ कोर्ट'. इंग्लिश कायद्यावर ऑक्सफर्डमध्ये पहिली व्याख्याने विल्यम ब्लॅकस्टोन याने दिली ती १७५३ मध्ये. सोळाव्या शतकात जर्मनीसारख्या देशांत रोमन कायद्याने देशी कायदा बाजूस सारला. तसे इंग्लंडात का घडले नाही, याचे श्रेय एफ. डब्ल्यू. मेटलंड याने १९०१ च्या आपल्या व्याख्यानात मुख्यतः या लंडनच्या शाळांना दिले आहे. ज्या विद्येची शाळा असते ती सहजासहजी मरत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा भावार्थ. या मतावर पुढे आक्षेप आले, आणि रोमन कायद्याचा तो धोका मेटलंडने थोडा फुगवून सांगितला हे आता बहुतेकांस मान्य आहे. परंतु शाळा वेगळ्या राहण्यास भाषा हे एक कारण होते, हा फॉर्टेस्क्यूचा मुद्दा त्यामुळे बाधित होत नाही.

१३६२ च्या कायद्याकडे आता वळू. तिसऱ्या एडवर्डच्या या कायद्यात म्हटले आहे की, फ्रेंच भाषा राज्यात फारच थोड्यांना कळते, त्यामुळे पक्षकारांना आपल्या बाजूने वा विरुद्ध काय बोलले जाते ते समजत नाही; यास्तव यापुढे सर्व दावे इंग्रजीत मांडावे, लढवावे व निर्णीत करावे, आणि त्यांची नोंद लॅटिनमध्ये ठेवावी. हा कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे, या विसंगतीवर पुष्कळांनी विनोद केले आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : कायद्यातील चालीरीती, संज्ञा व कार्यपद्धती पूर्ववत ठेवाव्यात असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. म्हणजे बोलणे इंग्रजीत करावे, संज्ञा मात्र जुन्याच असाव्यात. वकिलांनी या आज्ञेचा दुसरा भाग मनोभावे पाळला. तोंडी युक्तिवाद हळूहळू इंग्रजी झाला. टिपणे, ग्रंथ आणि इन्समधील वादसभा फ्रेंचमध्येच राहिल्या. संसदेचे कायदेसुद्धा पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फ्रेंचमध्ये लिहिले जात होते.

बोलण्याचा आधार तुटल्यावर या भाषेची जी अवस्था झाली तिचे वर्णन उपहासाचा विषय होऊन बसले आहे. लिंगभेद गेला, क्रियापदांची रूपे दोन-चारांवर आली, आणि नेमका शब्द आठवला नाही तेथे बेधडक इंग्रजी शब्द बसू लागला. १६३१ मध्ये सॉल्झबरी येथे शिक्षा ऐकताच एका कैद्याने न्यायाधीशाच्या दिशेने विटेचा तुकडा भिरकावला. तो थोडक्यात हुकला. टिपणकाराने ही हकीकत फ्रेंचमध्ये लिहिली आहे, परंतु 'ब्रिकबॅट' हा शब्द आणि 'थोडक्यात हुकला' हे शब्द सरळ इंग्रजी आहेत. हे उदाहरण सर्वत्र देतात, हसतात आणि पुढे जातात. त्या कैद्याचा हात तोडून त्याला तेथल्या तेथे फासावर दिले, हा टिपणाचा उत्तरार्ध हसण्याच्या भरात राहून जातो. भाषिकदृष्ट्या पाहता या टिपणात चमत्कारिक असे काही नाही. ती आता भाषा नव्हती, एक प्रकारची लघुलिपी होती. इंग्रजीत विचार करणारा मनुष्य शे-दोनशे वर्षांच्या सवयीने ठरलेल्या खुणांनी झपाट्याने टिपून घेत होता. सर एडवर्ड कोक याने १६०० ते १६१५ या काळात आपले निर्णयसंग्रह याच भाषेत प्रसिद्ध केले. पण १६२८ मध्ये लिटलटनच्या फ्रेंच ग्रंथावरील आपले भाष्य त्याने इंग्रजीत लिहिले. त्याच्यासारख्या परंपरानिष्ठाला तसे करावेसे वाटले, हा काळ बदलल्याचा खरा पुरावा होय.

सतराव्या शतकाच्या मध्यास हा प्रश्न राजकीय झाला. जॉन लिलबर्न आणि त्याचे समतावादी सहकारी यांच्या मते न्यायालयातील परकी भाषा हे नॉर्मन दास्याचे जिवंत चिन्ह होते. ज्या कायद्याने आपले प्राण घ्यावयाचे तो आपल्याला वाचता येऊ नये, हा अन्याय त्यांना असह्य वाटे. पहिल्या चार्ल्सच्या वधानंतरच्या संसदेने १६५० मध्ये कायद्याची सर्व पुस्तके व सर्व कामकाज इंग्रजीत आणण्याचा कायदा केला. १६६० मध्ये राजा परतला, तसा तो कायदाही गेला, आणि फ्रेंच व लॅटिन परत आल्या. त्या काळचा वकील रॉजर नॉर्थ याची तक्रार होती की, कायदा इंग्रजीत नीट मांडताच येत नाही. अखेर १७३१ मध्ये संसदेने पुन्हा कायदा केला आणि २५ मार्च १७३३ पासून न्यायालयांचे सर्व कामकाज इंग्रजीत, तेही सर्वांना वाचता येईल अशा अक्षरात, सुरू झाले. त्या विधेयकाला मुख्य न्यायाधीश लॉर्ड रेमंड यांनी विरोध करताना विचारले होते की, लोकांना कळावे हाच हेतू असेल तर वेल्समधील लोकांसाठी कायद्याचे वेल्शमध्ये भाषांतर का करू नये ? त्यांनी हे थट्टेने विचारले. पण तो प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर कोणी दिले नाही. उलट १७३३ मध्ये या कायद्याची व्याप्ती वेल्सवर वाढवून तेथेही इंग्रजीच आणली गेली. लोकभाषेचा पुरस्कार करणाऱ्यांनी शेजारच्या लोकांच्या भाषेचा विचार करू नये, हे उदाहरण एकटे नाही. वेल्शभाषकाला स्वभाषेत साक्ष देण्याची मर्यादित मुभा १९४२ मध्ये मिळाली, आणि ती विस्तारली १९६७ मध्ये.

त्याच १७३३ साली संसदेला आणखी एक दुरुस्ती करावी लागली. आज्ञापत्रांची नावे व रूढ संज्ञा इंग्रजीत उतरेनात. तेव्हा त्या पूर्वीच्याच भाषेत ठेवण्यास परवानगी देण्यात आली. १३६२ मध्ये जे घडले तेच पुन्हा घडले. वाक्याची भाषा बदलता आली, संज्ञेची नाही.

असे का व्हावे, याचा शोध घेणाऱ्या मेटलंडचा उल्लेख वर आलाच आहे. १८५० मध्ये जन्मलेला हा मनुष्य लंडनमध्ये दस्तऐवज लिहून देणारा वकील होता. १८८४ मध्ये रशियन विद्वान पॉल व्हिनोग्राडॉफ याच्याशी झालेल्या परिचयाने त्याला सरकारी दप्तरखान्यातील मध्ययुगीन गुंडाळ्यांचे महत्त्व नव्याने जाणवले. १८८७ मध्ये त्याच्या पुढाकाराने अशी साधने प्रसिद्ध करण्यासाठी सेल्डन सोसायटी स्थापन झाली, आणि १८८८ मध्ये तो केंब्रिजला प्राध्यापक झाला. इंग्लिश कायद्याचा इतिहास का लिहिला गेला नाही, हाच त्याच्या पहिल्या व्याख्यानाचा विषय होता. दुसऱ्या एडवर्डच्या काळच्या इयर बुक्सची तोवर उपलब्ध असलेली आवृत्ती १६७८ ची, एकाच हस्तलिखितावरून छापलेली आणि अशुद्धांनी भरलेली होती. ती नव्याने संपादित करावयास घेतल्यावर मेटलंडला एक अडचण आली. लेखनिकांनी शब्द तोडून लिहिले होते. तुटलेल्या शब्दाचा शेवट कोणता हे ठरविण्यासाठी त्या भाषेचे व्याकरण पाहिजे, आणि व्याकरण कोणी लिहिलेले नव्हते. जुन्या संपादकांना ही अडचण आलीच नव्हती, कारण ही भाषा बिघडलेली आहे, तिला नियम नाहीत, असे त्यांनी गृहीत धरले होते. मेटलंडने निरनिराळी हस्तलिखिते पडताळून क्रियापदांची कोष्टके तयार केली, आणि १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत इयर बुक्समधील फ्रेंचविषयी एक संपूर्ण प्रकरण जोडले. छातीच्या विकारामुळे तो १८९८ पासून हिवाळा कॅनरी बेटांत काढीत असे आणि या कामाचा बराच भाग त्याने तेथेच केला. १९०६ च्या डिसेंबरात तेथेच त्याचे निधन झाले.

त्याचा निष्कर्ष असा की, चौदाव्या शतकाच्या आरंभीची ही फ्रेंच म्हणजे सतराव्या शतकातील खिचडी नव्हे. ती बोलणाऱ्यांची, नेमकी व लवचिक भाषा होती, आणि इंग्लिश कायद्यातील कल्पनांची आखणी तिच्यात झाली. लॅटिनमध्ये झाली असती तर प्रत्येक लॅटिन शब्दाबरोबर रोमन अर्थ आत शिरला असता. इंग्रजीत त्या वेळी विविध बोलींचा कल्लोळ होता. फ्रेंच शब्द वकिलांच्या हाती कोरे आले आणि त्यांनी त्यांवर आपले अर्थ कोरले. संज्ञा हटत नाहीत याचे कारण, तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या निर्णयांची पुंजी साठलेली असते.

अमेरिकेत या प्रश्नाला निराळे वळण लागले. वसाहतींनी राजा टाकला, पण त्याच्या न्यायालयांचा कायदा ठेवला. १७६५ ते १७६९ या काळात निघालेले ब्लॅकस्टोनचे चार खंड १७७१-७२ मध्ये फिलाडेल्फियात पुन्हा छापले गेले आणि कित्येक वकिलांचे तेच एकमेव ग्रंथालय होते. १८४८ मध्ये डेव्हिड डडली फील्ड याच्या प्रेरणेने न्यूयॉर्क राज्याने दाव्यांचे जुने साचे त्यांच्या लॅटिन-फ्रेंच नावांसह रद्द केले. साचे व्यवहारातून जाऊ लागले तेव्हाच त्यांचा इतिहास विद्वानांना दिसू लागला, हा केवळ योगायोग नसावा. ऑलिव्हर वेंडेल होम्सचा 'द कॉमन लॉ' हा ग्रंथ १८८१ चा. हार्वर्डच्या जेम्स बार एम्स याने १८८८ मध्ये 'असम्प्सिट' या दाव्याचा इतिहास लिहून आधुनिक कराराची कल्पना कोठून आली ते दाखविले. 'असम्प्सिट' म्हणजे 'त्याने अंगावर घेतले' एवढेच लॅटिन क्रियापद. नोंदीतील वाक्याचा एक तुकडा पुढे एका स्वतंत्र हक्काचे नाव झाला. एम्सच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने १९१४ पासून दुसऱ्या रिचर्डच्या काळची इयर बुक्स प्रसिद्ध करावयास घेतली. वुडबाइनने ब्रॅक्टनचा मूळ पाठ १९१५ ते १९४२ या काळात चार खंडांत सिद्ध केला, आणि सॅम्युएल थॉर्नने १९६८ ते १९७७ या काळात त्याला इंग्रजी भाषांतराची जोड दिली.

मेटलंडच्या मताला सर्वांत समर्थ विरोधही अमेरिकेतूनच आला. डेव्हिड मेलिंकॉफ याने १९६३ मध्ये कायद्याच्या भाषेवर लिहिलेल्या ग्रंथात असे दाखविले की, वकील ज्या नेमकेपणाची बढाई मारतात तो त्यांच्या फारच थोड्या शब्दांत आहे. उरलेला पसारा सवयीचा आहे. 'विल' आणि 'टेस्टमेंट', 'गुड्स' आणि 'चॅटल्स', 'फिट' आणि 'प्रॉपर' अशा जोड्यांत एक शब्द देशी व एक फ्रेंच वा लॅटिन. दोन भाषांच्या काळात जे स्पष्टीकरण होते ते पुढे नुसते ओझे झाले. 'कागदपत्र', 'धनदौलत', 'बाजारहाट' हे शब्द रोज वापरणाऱ्या मराठी वाचकाला ही प्रक्रिया समजावून सांगावयास नको. माझ्या मते या दोन पंडितांत वाटतो तेवढा विरोध नाही. 'डिमरर' हा मेटलंडचा शब्द आहे आणि 'फिट अँड प्रॉपर' हा मेलिंकॉफचा. घोटाळा होतो तो पहिल्या प्रकारच्या शब्दांची प्रतिष्ठा दुसऱ्या प्रकारच्या शब्दांना मिळते तेव्हा, किंवा दुसऱ्यांवरचा राग पहिल्यांवर निघतो तेव्हा. परिभाषेच्या चर्चांत शब्द बदलले की कायदा लोकांना कळेल, असे विधान नेहमी कानी येते. त्या चर्चांना मीही क्वचित बसलो आहे, आणि तेथे हा भेद कोणी करीत असल्याचे फारसे आढळले नाही. शिवकालीन राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांतील काही रुजले, परंतु 'वकील', 'फिर्याद' आणि 'दस्तऐवज' आजही आपल्या जागी आहेत. त्यांच्या शेजारी मुंबईच्या इंग्रजी न्यायालयांबरोबर 'कोर्ट', 'समन्स', 'वॉरंट', 'अपील', 'बेलीफ' आणि 'डिक्री' हे येऊन बसले. हे सहाही शब्द इंग्रजीने फ्रेंचमधून घेतलेले आहेत. त्यांपैकी 'वॉरंट' मधील 'व' हा नॉर्मन बोलीचा खास उच्चार. पॅरिसच्या फ्रेंचमध्ये तेथे 'ग' येतो, आणि म्हणूनच इंग्रजीत 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' हे दोन जुळे शब्द नांदतात.

मेटलंडने आरंभिलेले काम अद्याप पुरे झालेले नाही. जे. एच. बेकर यांची न्यायालयीन फ्रेंचची मार्गदर्शिका १९७९ मध्ये निघाली, अँग्लो-नॉर्मन शब्दकोश सिद्ध झाला, आणि बोस्टन विद्यापीठाच्या डेव्हिड साइप यांनी छापील इयर बुक्समधील वीस हजारांहून अधिक नोंदींची सूची सर्वांना खुली करून दिली. तथापि पंधराव्या शतकातील बहुतेक इयर बुक्स अजून १६७८-८० च्या जुन्या काळ्या टायपातील आवृत्तीतच वाचावी लागतात. त्यांची हस्तलिखितांशी पडताळणी झालेली नाही, आणि लॅटिन गुंडाळ्यांतील त्यांचे दुसरे अर्धे भागही अद्याप फारसे जुळविले गेलेले नाहीत.